अवधान आणि आवेग-नियंत्रणाच्या चाचण्या : विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांच्या अहवालातला आकडा कसा वाचावा?

मनोवेध

मी मुलांच्या मानसशास्त्रीय मूल्यमापनाचे काम करते. एडीएचडी (अवधान-शैथिल्य आणि अतिचंचलता), ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम (एक्स गुणसूत्रावरच्या जनुकीय बदलामुळे होणारी स्थिती) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे अहवाल हाती आले की पालक आणि शिक्षक या दोघांचीही नजर ‘अवधान’ आणि ‘आवेग-नियंत्रण’ या दोन रकान्यांवर खिळते. तिथला आकडा कसा तयार झाला हे मात्र अहवालात क्वचितच लिहिलेले असते, आणि म्हणून हा धागा काढते आहे. माझे म्हणणे असे आहे की, मुलाला काम समजले होते का, ते त्याच्या डोळ्यांना, कानांना आणि हातांना झेपणारे होते का, हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अवधानाचा आकडा म्हणता येत नाही. आणि ते ठरल्यावरसुद्धा चुकांच्या बेरजेपेक्षा चुका कोणत्या प्रकारच्या होत्या आणि चाचणीच्या कोणत्या टप्प्यावर झाल्या, यातून मुलाविषयी अधिक कळते.

सर्वांत जास्त वापरात असलेला प्रकार म्हणजे कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट, म्हणजेच सीपीटी. रॉसवोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ती मेंदूला इजा झालेल्या व्यक्तींचे अवधान तपासण्यासाठी प्रसिद्ध केली. मुलांच्या विकासात्मक अडचणींसाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. आज कॉनर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीत पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात आणि ‘एक्स’ सोडून प्रत्येक अक्षराला बटण दाबायचे असते. एकूण ३६० अक्षरे सुमारे १४ मिनिटांत दाखवली जातात आणि दोन अक्षरांमधले अंतर कधी १, कधी २, तर कधी ४ सेकंदांचे असते. जवळजवळ प्रत्येक वेळी बटण दाबायचेच असल्यामुळे हाताला दाबण्याची सवय लागते, आणि ‘एक्स’ आला की ती सवय ऐन वेळी आवरावी लागते. टोव्हा नावाच्या चाचणीत अक्षरांऐवजी आकृत्या असतात आणि ती २१.६ मिनिटे चालते. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात लक्ष्य, म्हणजे बटण दाबायची आकृती, क्वचित येते आणि दुसऱ्या भागात वारंवार येते. त्यामुळे पहिला भाग कंटाळ्यातही टिकून राहण्याची परीक्षा घेतो आणि दुसरा भाग हात आवरण्याची.

दोन्हींमध्ये चुका दोन प्रकारच्या. दाबायचे असताना न दाबणे ही पहिली आणि दाबायचे नसताना दाबणे ही दुसरी. पहिली म्हणजे अवधानाची कमतरता आणि दुसरी म्हणजे आवेग, असे सरसकट समीकरण अनेक अहवालांत दिसते, पण ते पुरेसे नाही. चुकीचे प्रतिसाद भरपूर आणि प्रतिक्रियाकाळ अतिशय कमी असेल, तर मूल विचार होण्याआधीच बटण दाबत आहे असे म्हणायला आधार आहे. चुकीचे प्रतिसाद भरपूर, प्रतिक्रियाकाळ मात्र लांबलेला आणि सुटलेले प्रतिसादही बरेच, असे चित्र दिसले तर नियम विसरला गेला होता, अक्षर नीट दिसत नव्हते किंवा मूल थकले होते, या शक्यता आधी तपासायला हव्यात. अक्षर दिसल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिसाद तर त्या अक्षराला दिलेला असूच शकत नाही. तो अंदाजाने, आधीच्या अक्षराला उशिरा किंवा नुसताच दाबलेला असतो.

प्रतिक्रियाकाळाच्या सरासरीपेक्षा त्यातला चढउतार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांचे बहुतेक प्रतिसाद इतर मुलांच्याच वेगाने येतात, पण मधूनच काही प्रतिसाद खूप लांबतात, आणि सरासरीत ही गोष्ट झाकली जाते.

आईची_वही

इतक्या सविस्तर लेखनासाठी मनापासून आभार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम असल्याचे निदान लहानपणीच झाले आहे. वर्गात तो दोन वाक्येसुद्धा सलग ऐकू शकत नाही, मध्येच उठतो, दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढतो, आणि प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देतो. अलीकडे त्याची सीपीटी झाली आणि अहवालात सर्व निर्देशांक सामान्य मर्यादेत आले. ‘अवधानविषयक अडचण आढळली नाही’ असा शेरा मिळाल्यावर शाळेने त्याला मिळणारी मदत कमी करण्याचा विषय काढला आहे. घरी आणि शाळेत रोज दिसणारी गोष्ट चाचणीत दिसत नाही, याचा अर्थ आम्ही अतिशयोक्ती करतो आहोत असा घ्यायचा का?

मनोवेध

नाही, तसा अर्थ मुळीच घेऊ नये, आणि हा शेरा ज्या शब्दांत लिहिला गेला आहे त्यालाच माझी हरकत आहे. चाचणीत अडचण दिसली नाही, एवढेच तो अहवाल म्हणू शकतो.

चाचणीच्या खोलीचा विचार करा. तिथे शांतता असते, शेजारी एकच प्रौढ व्यक्ती असते, नियम एकच आणि स्पष्ट असतो, काम नवे असते आणि पुढचे अक्षर केव्हा येणार हे यंत्र ठरवते. वर्गात यातले काहीही नसते. तिथे कशाकडे लक्ष द्यायचे हे मुलालाच निवडावे लागते, सूचना अर्धवट शब्दांत आणि गृहीत धरून दिलेल्या असतात, आणि शेजारचे मूल काय करते आहे याची ओढ सतत असते. ऑटिझम असलेल्या काही मुलांना एकच ठाम नियम आणि समोर यंत्र ही मांडणी विशेष सोयीची ठरते. ओझोनॉफ यांनी १९९५ साली पत्ते वर्गीकरणाच्या एका प्रसिद्ध चाचणीवर हेच तपासले होते. माणसाने घेतलेल्या चाचणीपेक्षा संगणकावरच्या चाचणीत ऑटिझम असलेल्या मुलांची कामगिरी चांगली झाली. ती चाचणी विचारांच्या लवचिकतेची आहे, अवधानाची नव्हे, तरीही चाचणी कोण आणि कशी घेते यावर निकाल किती अवलंबून असतो हे त्यातून कळते.

आता संशोधनाविषयी. टोप्लॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कार्यकारी क्षमतांच्या (लक्ष टिकवणे, स्वतःला आवरणे, नियम लक्षात ठेवणे यांसारख्या) प्रत्यक्ष चाचण्या आणि त्याच क्षमतांविषयी पालक-शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांच्यातल्या सहसंबंधाचे मध्यक मूल्य त्यांना जेमतेम ०.१९ मिळाले (पूर्ण जुळणी असती तर ते १ असते). म्हणजे ही दोन साधने एकाच गोष्टीची दोन मापे नाहीत. चाचणी हे सांगते की अनुकूल परिस्थितीत मूल काय करू शकते, आणि प्रश्नावली हे सांगते की रोजच्या आयुष्यात ते काय करते. तुमच्या मुलाच्या बाबतीत या दोन उत्तरांतले अंतर हीच सर्वांत उपयुक्त माहिती आहे, कारण परिस्थिती बदलली की तो लक्ष देऊ शकतो हे त्यातून सिद्ध होते. मदत कमी करण्याचे ते कारण कसे होऊ शकते, हे मला समजत नाही. मदत कोणत्या स्वरूपाची असावी, याचाच तो पुरावा आहे.

एडीएचडीच्या बाबतीतही हेच लागू आहे. विल्कट आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या आढाव्यात गट म्हणून पाहिले तर एडीएचडी असलेली मुले या चाचण्यांत मागे पडलेली दिसतात, पण कोणतीही एक चाचणी घेतली तर निदान झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांतच ठळक कमतरता आढळते. निदान इतिहासावरूनच करायचे असते. अवधान-शैथिल्याच्या किंवा अतिचंचलता-आवेगाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा, एकाहून अधिक ठिकाणी, आणि काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून, असे डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणातले निकष आहेत. त्यात संगणकावरच्या चाचणीची अट कुठेही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची मार्गदर्शक तत्त्वेही अशा चाचण्यांमुळे निदानाची अचूकता सहसा वाढत नाही असेच सांगतात. शिवाय २०१३ पूर्वी ऑटिझम असलेल्या मुलाला एडीएचडीचे निदान देण्यास त्या वर्गीकरणातच मज्जाव होता. तो आता राहिलेला नाही, त्यामुळे तुमच्या विकासात्मक बालरोगतज्ज्ञांशी या दुहेरी शक्यतेविषयी जरूर बोला.

पैलतीर

आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. तिच्या अहवालात आवेग-नियंत्रण पहिल्या शततमकावर, म्हणजे शंभरांत सर्वांत खाली, दाखवले आहे आणि खाली ‘तीव्र आवेगशीलता’ असे लिहिले आहे. घरी ती अजिबात तशी नाही. उलट प्रत्येक काम सावकाश करते आणि विचारल्याशिवाय कशाला हातही लावत नाही. चाचणीच्या वेळी मी काचेपलीकडून पाहत होतो. ती प्रत्येक अक्षराला बटण दाबत होती आणि प्रत्येक वेळी तपासनीस बाईंकडे पाहून हसत होती.

स्पर्शरेषा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पैलतीर, तुम्ही शेवटी लिहिलेले वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचे आहे, कारण तुमची मुलगी ‘बटण दाबले की बाईंना आवडते’ हा नियम पाळत होती. ‘एक्स आला की थांबायचे’ हा नियम तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, अशी दाट शक्यता दिसते.

हालचालींविषयी एक मुद्दा जोडते. स्नायूंचा ताण कमी असलेल्या मुलाला बटण दाबण्याइतकेच बोट वेळेवर उचलणेही अवघड जाते. पाय जमिनीला टेकलेले नसतील तर मुलाची बरीच शक्ती बसून राहण्यातच खर्च होते, आणि दहाव्या मिनिटाला वाढलेल्या चुका थकव्याच्या असू शकतात. मॅन्ली आणि सहकाऱ्यांच्या १९९९ सालच्या टी-च या चाचणीसंचात याचा चांगला विचार केलेला आहे. त्यातल्या एका उपचाचणीत मुलाला यानांच्या गर्दीतून सारख्या यानांच्या जोड्या शोधून त्यांना खूण करायची असते. त्यानंतर त्याच जोड्या, आजूबाजूची गर्दी काढून टाकून, पुन्हा दिल्या जातात. दुसऱ्या वेळी लागलेला वेळ हा हाताचा वेळ, आणि तो वजा केल्यावर जे उरते ते शोधण्याचे. अशी वजाबाकी सीपीटीत होत नाही, त्यामुळे निदान साधे बटण दाबण्याचा वेग तरी आधी वेगळा पाहून ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

पैलतीर, मुलीची श्रवणतपासणी अलीकडे झाली आहे का? डाऊन सिंड्रोममध्ये मध्यकर्णात द्राव साठून ऐकू कमी येणे बऱ्याच प्रमाणात आढळते, आणि तोंडी सूचना अर्धवट ऐकू आलेले मूल चाचणीत आवेगी दिसते.

मनोवेध

स्पर्शरेषा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात भर म्हणून तुलनेचा प्रश्न मांडते, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या अहवालांत सर्वांत मोठा घोळ इथेच होतो.

अकरा वर्षांच्या मुलीची तुलना अकरा वर्षांच्या इतर मुलांशी केली, तर ती मागे आहे एवढेच कळते, आणि ते आधीच माहीत असते. तिची समज साधारण पाच वर्षांच्या मुलाइतकी असेल, तर विचारायचा प्रश्न असा की पाच वर्षांच्या मुलाकडून जेवढी अपेक्षा ठेवता येईल त्यापेक्षाही तिचे आवेग-नियंत्रण कमी आहे का? याचे उत्तर मिळवायचे तर काम त्या पातळीचे हवे. कॉनर्स यांचीच चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांवर आधारलेली छोटी आवृत्ती आहे. तिची मानके (तुलनेसाठीचे आकडे) मोठ्या मुलांसाठी नसल्यामुळे त्यातून शततमक काढता येत नाही, पण मूल काय करते हे मात्र पाहता येते. याहूनही सोपा म्हणजे दिवस-रात्र खेळ, जो गेर्स्टाट, हाँग आणि डायमंड यांनी १९९४ साली साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांवर वापरला. सूर्याचे चित्र दिसले की ‘रात्र’ म्हणायचे आणि चंद्राचे दिसले की ‘दिवस’. त्या संशोधकांनी एक सुंदर खबरदारी घेतली होती. काही मुलांना त्यांनी सूर्य-चंद्राऐवजी निरर्थक नक्षीची चित्रे दाखवून तेच दोन शब्द म्हणायला लावले, आणि ते मुलांना सहज जमले. म्हणजे दोन नियम लक्षात ठेवणे हा अडथळा नव्हता; जिभेवर आलेला शब्द आवरणे अवघड होते. अशी जोड-चाचणी घेतली की ‘समजले नाही’ आणि ‘आवरता आले नाही’ यांतला फरक स्पष्ट होतो.

चुकांचा प्रकार पाहिला तर वेगवेगळ्या अडचणींची वेगवेगळी वळणेही दिसू लागतात. शेरिफ, कॉर्निश, कार्मिलॉफ-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली फ्रॅजाइल एक्स आणि विल्यम्स सिंड्रोम (एक दुर्मिळ जनुकीय स्थिती) असलेल्या अगदी लहान मुलांना स्पर्श-पडद्यावर मोठी वर्तुळे शोधायला दिली होती. दोन्ही गटांच्या चुका जास्तच होत्या. मात्र फ्रॅजाइल एक्स असलेली मुले आधी सापडलेल्या वर्तुळालाच पुन्हा पुन्हा हात लावत होती, तर विल्यम्स सिंड्रोम असलेली मुले लक्ष्यासारख्या दिसणाऱ्या चुकीच्या वर्तुळांना. एकाला झालेली कृती सोडून पुढे जाणे जड जात होते, दुसऱ्याला सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमध्ये भेद करणे. या दोघांना शिकवायचे ते एकाच पद्धतीने कसे चालेल?

अंकमोड

माझे काम संख्याशास्त्राचे आहे, त्यामुळे मापनाच्या विश्वासार्हतेविषयी लिहितो.

आवेग-नियंत्रणाच्या संशोधनात स्टॉप-सिग्नल चाचणीला मोठा मान आहे. तिच्यामागचे गणिती प्रतिमान लोगन आणि कोवन यांनी १९८४ साली मांडले. मूल बाणाच्या दिशेनुसार बटण दाबत असते आणि साधारण चारातल्या एका वेळी, बाण दिसल्यानंतर काही क्षणांनी, थांबण्याची खूण होते. मूल थांबले तर पुढची खूण थोडी उशिरा दिली जाते, चुकले तर लवकर, आणि असे करत निम्म्या वेळा यश येईल अशा ठिकाणी चाचणी स्थिरावते. त्यावरून थांबण्याच्या प्रक्रियेला लागणारा वेळ काढता येतो, जो प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. कल्पना विलक्षण आहे, पण अटी कडक आहेत. संशोधकांच्या २०१९ सालच्या संयुक्त शिफारशींनुसार थांबण्याच्या खुणा किमान ५० तरी हव्यात, म्हणजे एकूण प्रयत्न दोनशेच्या घरात गेले. शिवाय खुणेची वाट पाहत मूल मुद्दाम सावकाश दाबू लागले, तर हिशेब बिघडतो. लवकर थकणाऱ्या मुलाकडून हे सारे मिळवणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट. हेज, पॉवेल आणि समनर यांनी २०१८ साली दाखवून दिले की, ज्या चाचण्या गटागटांत ठळक परिणाम दाखवतात त्याच चाचण्या एका व्यक्तीला दुसरीपासून वेगळे ओळखण्यात कमी विश्वासार्ह ठरू शकतात, कारण सगळ्यांनाच सारखा परिणाम होत असेल तर व्यक्तींमधला फरक लहान राहतो. पालकांच्या हातात जो अहवाल येतो तो नेहमी एकाच मुलाचा असतो, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्यासाठी निव्वळ तात्त्विक नाही.

तिसरी गोष्ट उपनिर्देशांकांची. समजा अहवालात परस्परांशी संबंध नसलेले दहा निर्देशांक आहेत आणि प्रत्येकात निव्वळ योगायोगाने कमी गुण येण्याची शक्यता ५ टक्के आहे. मग पूर्ण निरोगी मुलाच्या अहवालातही किमान एक निर्देशांक लाल दिसण्याची शक्यता ४० टक्के होते. प्रत्यक्षात निर्देशांक एकमेकांशी निगडित असतात, त्यामुळे आकडा थोडा बदलेल, पण एकाच लाल रकान्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरेच.

खडू_फळा

मी विशेष शिक्षक आहे आणि वरील चर्चा फार मनापासून वाचली. तरीही मनोवेध यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. ‘योग्य चाचणी, योग्य पातळीवर’ हा मार्ग बरोबर आहे, पण मदत सुरू करण्यासाठी त्याची वाट पाहण्याची गरज नाही. वर्गात पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने मुलाकडे पाहायचे, त्या क्षणी ते कामात आहे की नाही एवढेच लिहायचे, आणि त्याच वेळी वर्गातल्या दुसऱ्या एका सर्वसाधारण मुलाचीही तशीच नोंद करायची. वीस मिनिटांत दोन्ही मुलांच्या प्रत्येकी ऐंशी नोंदी होतात. हीच नोंद गोष्ट ऐकताना, एकट्याने लिहिताना आणि गटात काम करताना वेगवेगळी केली की कुठे घसरण होते ते उघड होते. पुष्कळदा असे आढळते की ज्या तासाला आमचे मूल कामातून बाहेर असते, त्या तासाला दुसरे मूलही बाहेरच असते. मग प्रश्न मुलाचा नसून तासाच्या आखणीचा असतो. ही माहिती कोणत्याही यंत्राने मला आजवर दिलेली नाही.

मनोवेध

हा मतभेद मला मान्य आहे आणि तुमची पद्धत अनेक अहवालांपेक्षा भक्कम आहे. माझा आग्रह एवढाच की नोंद करणाऱ्याला वर्गातले मूल ‘हरवलेले’ दिसले, तर ते का हरवले हे निरीक्षणातून नेहमी कळत नाही. काही सेकंद शून्यात पाहणे, त्या वेळी हाक मारली तरी भान नसणे, आणि मग जणू काही घडलेच नाही अशा रीतीने काम पुढे सुरू करणे, असे वारंवार दिसले तर ते अॅब्सेन्स प्रकारचे अपस्माराचे झटके असू शकतात. सीपीटीत अशा वेळी सुटलेले प्रतिसाद एकत्र, सलग येतात. असे चित्र दिसले तर अवधानाचा विचार बाजूला ठेवून मेंदूरोगतज्ज्ञांकडून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) करून घेतला पाहिजे. झोप नीट न होणाऱ्या मुलांच्या बाबतीतही आधी झोपेची तपासणी करावी लागते.

आईची_वही

डॉक्टरांनी औषधाचा विचार सुचवला आहे. औषध सुरू करून पुन्हा सीपीटी घ्यायची आणि सुधारणा दिसली तर एडीएचडी आहे असे समजायचे, असे एका ठिकाणी सांगण्यात आले. हे तर्काला धरून आहे का?

मनोवेध

नाही. उत्तेजक गटातली औषधे अशा चाचण्यांतली कामगिरी एडीएचडी नसलेल्या मुलांतही सुधारतात. रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७८ सालीच, कोणतीही अडचण नसलेल्या मुलांना एकदा डेक्स्ट्रोअॅम्फेटामिन देऊन हे दाखवले होते. त्यामुळे औषधाने गुण सुधारले यावरून निदान सिद्ध होत नाही. औषध चालू ठेवावे की नाही हे घरातल्या आणि वर्गातल्या बदलांवरून, भूक, झोप, वजन आणि नाडी यांवर लक्ष ठेवून, डॉक्टरांनी ठरवायचे. त्यासाठी खडू_फळा यांच्या पद्धतीने औषधाआधी आणि औषधानंतर केलेल्या नोंदी फार उपयोगी पडतात, विशेषतः नोंद करणाऱ्याला औषध कोणत्या दिवशी दिले हे ठाऊक नसेल तर.

तुमच्या मुलाच्या जुन्या चाचणीबद्दल मात्र एक करा. ज्या केंद्रात ती झाली त्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने काढलेल्या गुणांचा तक्ता मागा. चाचणीचा कालावधी अनेक भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भागातल्या चुका व प्रतिक्रियाकाळ संगणकात साठवलेला असतो, पण अहवालात अनेकदा फक्त एकूण आकडा छापला जातो. सरावाच्या फेरीत त्याला नियम किती वेळा समजावून सांगावा लागला, मध्ये कुणी त्याला ‘लक्ष दे’ असे सांगितले का, हेही विचारा, कारण शेजारच्या व्यक्तीने वारंवार आठवण करून दिली असेल तर त्या सामान्य गुणांत तिचाही वाटा आहे.

आईची_वही

आजच तसे पत्र लिहिते. शाळेच्या बैठकीत ‘अडचण आढळली नाही’ या शेऱ्याऐवजी ‘एकास एक, शांत खोलीत, एकाच नियमाखाली अडचण दिसली नाही’ असे लिहून घेण्याचा प्रयत्न करीन. वर्गातल्या नोंदींसाठी त्याच्या शिक्षिका तयार झाल्या, तर खडू_फळा, नोंदीचा तक्ता कसा आखायचा हे तुम्हाला पुन्हा विचारेन.

खडू_फळा

जरूर विचारा. पहिला तक्ता गोष्ट ऐकण्याच्या तासाचा करा, कारण मूल दोन वाक्येही सलग ऐकत नाही असे तुम्ही लिहिले आहे. शिक्षिका चित्र दाखवत असताना आणि चित्राशिवाय बोलत असताना अशा दोन वेगळ्या ओळी त्यात ठेवा.